आठ ओळी

गाणं सुरू होऊन अकरा मिनिटं झाली होती आणि गायक अजून गाद्यांवर बसूनच होता.

बँडची तालीम ड्रमरच्या सासऱ्यांच्या गाद्यांच्या गोदामात चालायची. जमिनीपासून छतापर्यंत कापूस. आत आभाळ कोसळलं तरी बाहेर शेजाऱ्याची डुलकी मोडत नसे. रविवारची दुपार होती. खांबाला बांधलेला रेकॉर्डर चालू होता.

पहिल्या अल्बममध्ये नऊ गाणी होती आणि नऊच्या नऊ त्याने घसा फोडून गायली होती. दुसऱ्यात पाच, लांबी दुप्पट. आता तिसरा अल्बम म्हणजे बावीस मिनिटांचं एकच गाणं, आणि त्यात त्याच्या वाट्याला आठ ओळी. त्याही चौदाव्या मिनिटाला. "प्रोग्रेसिव्ह मेटल संगीत म्हणजे हेच," मास्तर म्हणायचा, "बँडने पुढे जायचं." मास्तर म्हणजे गिटारवाला. आठवडाभर शाळेत गणित शिकवायचा आणि रविवारी तेच गणित या सगळ्यांकडून वाजवून घ्यायचा. पुढे कोणी जायचं आणि मागे कोणी राहायचं, हे गायकाने त्याला कधी विचारलं नव्हतं.

आठ ओळींपर्यंत पोचायचं तर मोजणं आलं. सात ठोक्यांचं आवर्तन सहा वेळा, मग पाचाचं एक, मग एक ठोका रिकामा. त्या रिकाम्या ठोक्यावर श्वास घ्यायचा आणि सुरू व्हायचं. बाकीच्यांच्या हे अंगात मुरलं होतं. गायक बोटांच्या पेरांवर मोजायचा.

आजही तो वेळेत उठला, माईक हातात घेतला आणि अंगठा पहिल्या पेरावर टेकवला. चौथ्या आवर्तनात धाकट्याने, म्हणजे मास्तरच्या सख्ख्या भावाने, बेसवर एक खालचा सूर सोडला आणि धरून ठेवला. मास्तरची गिटार त्या सुराभोवती हळूहळू चढत गेली. ड्रमरने झांजांना हात लावणंच सोडून दिलं. अरे, काय सुंदर आहे हे, गायकाच्या मनात आलं. तो ऐकत राहिला.

भानावर आला तेव्हा अंगठा चौथ्याच पेरावर होता आणि आठ ओळींची जागा केव्हाच मागे पडली होती. आता मध्येच तोंड घालण्यात अर्थ नव्हता. कोणीतरी हात वर करून थांबवेल म्हणून तो तसाच उभा राहिला. तिघांचे डोळे आपापल्या तारांवर, काठ्यांवर होते. कोणी थांबवलं नाही.

शेवटचा ठोका कापसात जिरला.

"जमलं!" ड्रमर घामाने निथळत ओरडला. "सहा महिने डोकं फोडतोय, आज बसलं एकदाचं! आणि तू रे," त्याने गायकाच्या पाठीत धपाटा घातला, "एरवी रेड्यासारखा घुसतोस. आज आलास कधी नि गेलास कधी, कळलंसुद्धा नाही. असंच गात जा."

"बरं," गायक म्हणाला.

"दादा, लाव की लवकर," धाकटा म्हणाला.

चौघे खांबाशी बसले. रेकॉर्डरवर गायकाचा आवाज नेहमीच बारीक यायचा, त्यामुळे त्याच्याकडे कोणी फारसा कान देत नसे. गायक तिघांची तोंडं पाहत होता. ती जागा आली. तिथे नुसता तो खालचा सूर होता आणि त्यावरून चालत जाणारी गिटार. ड्रमरने डोळे मिटले होते. धाकट्याची मान डोलत होती. मास्तरचे ओठ हलत होते; तो मनातल्या मनात ओळी म्हणत होता. तिसऱ्या ओळीला ओठ थांबले. त्याने मान वर करून गायकाकडे पाहिलं. गायकाने हळूच नकारार्थी मान हलवली.

मास्तर पुन्हा खाली मान घालून ऐकू लागला. थोड्या वेळाने, त्याच्याही नकळत, त्याचं बोट गुडघ्यावर वाजायला लागलं.

यांच्यावर ना कंपनी होती ना मालक. कायदा एकच होता: चौघांचे हात वर झाले तर वाजवलेलं ठेवायचं, नाहीतर तिथल्या तिथे पुसायचं.

"ठेवायचं ना?" म्हणत धाकट्याने हात वर केलासुद्धा. ड्रमरने दोन्ही केले.

मास्तरचे हात मांडीवरच होते. "पुन्हा वाजवू," तो म्हणाला.

"डोकंबिकं फिरलंय का तुझं?" ड्रमर म्हणाला. "सात जन्मांत पुन्हा असं वाजायचं नाही!"

"माझं चुकलं एका ठिकाणी."

ड्रमर आणि धाकटा एकमेकांकडे बघायला लागले. मास्तर दुसऱ्यांच्या चुका अर्ध्या ठोक्यापर्यंत मोजून दाखवायचा. स्वतःची चूक त्याच्या तोंडून या गोदामाने आजवर ऐकली नव्हती.

"कुठे, दादा?"

"चौदाव्या मिनिटाला." तो गिटारचा पट्टा सारखा करत होता. पट्टा सारखाच होता.

धाकट्याचा हात खाली आला. "दादाच म्हणतोय तर…"

ड्रमरने चडफडत रेकॉर्डर खांबावरून सोडवला आणि पुसायच्या बटणावर अंगठा ठेवला.

"थांब," गायक म्हणाला. त्याचा हात वर होता, चांगला कोपर सरळ करून. तो मास्तरकडे पाहत नव्हता.

"त्याचं कुठेही चुकलेलं नाही. मी ऐकत होतो."