चौतिसावी चूक

पहिलीचा वर्ग मागून घेण्यात बाईंचा तोटा उघड होता. दहावीचं बीजगणित हातचं जाणार आणि वाट्याला येणार चौतीस वाहती नाकं, सुटलेल्या बुटांच्या नाड्या. फायदा एकच, तोही वर्षातून एकदाच मिळण्यासारखा.

मुख्याध्यापिकांनी अर्ज दोनदा वाचला. "अहो, लोक खालून वर जायला धडपडतात. तुम्ही जिना उलटा उतरताय!"

"वरचा मजला झेपत नाही हो. गुडघे."

"बत्तिसाव्या वर्षी?"

खरं कारण शिक्षकांच्या खोलीत होतं. पहिलीला शिकवणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या बाई डबा खाताना सांगायच्या, "वर्षातून एकदा तरी प्रत्येक पोर चुकून मला आई म्हणतं. एकही सुटलेलं नाही अजून." सगळ्या हसायच्या. बीजगणिताच्या या बाईंचा घास तोंडातच फिरत राहायचा. कारण यंदा पहिलीत त्यांच्या दादाची मुलगी येणार होती. जगाच्या लेखी दादाची. बाईंचा नवरा गेला तेव्हा त्यांना सातवा महिना होता, आणि वहिनीची कूस दहा वर्षं रिकामी होती. बाळ वहिनीच्या पदरात घालताना एकच ठरलं, पोरीला कधी कळता कामा नये. तेव्हापासून बाई तिची आत्या.

वर्ग सुरू झाला आणि एकेक पोर घसरू लागलं. "आई, हा माझं खोडरबर देत नाही!" वर्ग खिदळायचा, चुकणाराही खिदळायचा. बाई मनातल्या मनात मोजायच्या. तेहेतीस झाले. ही एकटी पक्की. घसरलीच तर 'आत्या'वर घसरायची आणि जीभ चावायची. "शाळेत बाई म्हणायचं हं," असं वहिनीनं बजावून पाठवलं होतं ना!

वर्ष संपायला चार दिवस उरले. शेवटच्या तासाला तिनं वही पुढे केली आणि मान वर न करताच म्हणाली, "आई, बघ ना गं, बरोबर आलं का?"

बाईंना वहीतलं काही दिसेना.

"बाईंना आई म्हणाली! बाईंना आई म्हणाली!" वर्गानं बाकं बडवली.

ही मात्र हसली नाही. चेहरा गोरामोरा झाला. बाईंचा पदर ओढून, त्यांना खाली वाकवून ती कानाशी म्हणाली, "आत्या, घरी सांगू नकोस ना. आईला वाईट वाटेल. तू थोडीच माझी आई आहेस?"

सहा वर्षं बाई नुसत्या गप्प राहिल्या होत्या. तिच्याशी खोटं बोलायची वेळ कधी आलीच नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं.

"छे गं," त्या म्हणाल्या. "मी कुठली तुझी आई?"

पोरीचा जीव भांड्यात पडला. वही घेऊन ती उड्या मारत जागेवर गेली. वर्गाची पाच मिनिटं मजेत गेली, घरी वहिनीला पत्ताही लागला नाही. तोटा भरला तो एकट्या बाईंनी, आणि तोही स्वतःच्या तोंडानं.