एक वाव

कोथरूडच्या सॉफ्टवेअर कंपनीत परदेशी गिऱ्हाइकासाठी जुने सागरी नकाशे संगणकावर चढवत होते. खोलीचं माप वाव, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं. कोकणकिनाऱ्याजवळ सगळीकडे अकरा-बारा वाव पाणी, मधोमध एकटाच ‘१’. अभ्यंकर सर दोनदा गोव्याला जाऊन आलेले, त्यामुळे समुद्र त्यांना पाठ होता. त्यांनी शेजारी आणखी एक १ टाकून ‘११’ केलं. “छपाईची चूक! तळ काय मध्येच खांबासारखा उभा राहतो?” “तो खडक आहे, सर,” मालवणची हर्षला म्हणाली. “आम्ही त्याला सवत म्हणतो. होड्या फोडते, बायकांचे नवरे ठेवून घेते.” “गावगप्पा गावाला, मॅडम. इथे चुकीला वाव नाही.” सगळे फिदीफिदी हसले. हर्षलाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने कीबोर्ड हिसकावून सरांचा १ खोडला. “एक वाव आहे, सर. तेवढ्याच पाण्यात माझ्या आईला सवत आली.”