मांजरांच्या ओळखीचा आवाज

वाळूतून निघणारी कासवाची पिल्लं भटकी मांजरं फस्त करत होती, म्हणून गावच्या कासवमित्रांनी खोलीएवढा नवा पिंजरा आणला. तो आठवडाभर गावातले आवाज ऐकायचा आणि मांजरांचा ज्यावर सर्वांत जास्त विश्वास, तो आवाज हुबेहूब काढायचा.

सगळे किनाऱ्यावर जमल्यावर सुगंधा तांडेलनं तो सुरू केला.

"ये गो बाय, बांगड्याचं डोकं ठेवलंय तुला," पिंजरा लाडानं बोलला.

आवाज अध्यक्ष मयेकरअण्णांचा होता. मांजरांना कुणी खायला घालायचं नाही, हा ठराव त्यांनीच मांडला होता.

"यंत्र बिघडलंय," अण्णा गुरकावले.

ते ऐकताच पिंजऱ्याकडे निघालेली मांजरं वळली आणि त्यांच्या पायांना अंग घासू लागली.

सुगंधानं पिंजऱ्याचं दार उघडून धरलं. "अण्णा, आता तुम्हीच आत चला."