पुलाची भेग

इंजिनियर बाई पुलाखालून वर आल्या तेव्हा फलाटावर अख्खं गाव जमलं होतं. त्यांनी होकार दिला, तरच चाळीस वर्षं बंद असलेलं स्टेशन पुन्हा सुरू होणार होतं.

“कसा आहे पूल?” मास्तरांच्या सुनेने विचारलं. ती शाळेत शिकवायची. गाडीसाठी दहा वर्षं अर्ज तिनेच केले होते.

“सांगते. आधी स्टेशनचा इतिहास हवाय, अहवालासाठी.”

सुनेने सासऱ्यांना पुढे केलं. ते इथले शेवटचे स्टेशनमास्तर.

“लाकडाचं गाव हे,” मास्तर म्हणाले. “रोज तीस डबे ओंडके जायचे. डोळ्यांदेखत डोंगर बोडका झाला, झरे आटले. मग पुलाला भेग पडल्याचं पत्र वर गेलं आणि तडकाफडकी हुकूम आला, लाइन बंद. लाकूड हलेना, तशी सॉ मिलही बसली.”

“वरून कुणी तपासायला आलं नाही?”

“एवढ्या आडबाजूला कोण तंगड्या तोडत येतो?”

“लोकांचे हाल झाले असतील.”

“झाले. माझीही नोकरी गेली, क्वार्टर गेलं. सायकली दुरुस्त करून पोरं वाढवली. सगळे त्या पुलाच्या नावाने बोटं मोडायचे. त्यांच्याबरोबर मीही.”

बाईंनी वर पाहिलं. डोंगर माथ्यापर्यंत गच्च हिरवा होता. ते रान आता राखीव होतं, कुऱ्हाडीला बंदी होती. ते बघायला लांबून माणसं येत आणि त्यांच्यावरच गावातल्या निम्म्या चुली पेटत. गाडी हवी होती ती या पाहुण्यांसाठी.

“माझा होकार आहे,” बाई म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात गाडी थांबेल इथे.”

एकच जल्लोष उसळला. सून हसता हसता रडायला लागली. सॉ मिलच्या म्हाताऱ्या कामगारांनी मास्तरांना खांद्यावर घेतलं आणि फलाटभर मिरवलं.

मास्तर खाली उतरले तेव्हा बाईंनी त्यांना बाजूला घेऊन फायलीतलं एक पिवळं पडलेलं पत्र दाखवलं.

“एक कोडं सुटत नाही, मास्तर. पूल ठणठणीत आहे. त्याला भेग आज नाही, तेव्हाही नव्हती. मग हे लिहिलं कुणी? सही वाचताच येत नाही.”

मास्तरांनी कागद उजेडात धरला. मग मान वर करून ते डोंगराकडे बघत राहिले.

“घाईत केली होती,” ते म्हणाले. “पण माझीच आहे.”