पट्ट्यांच्या मधोमध

सुयुनबायने गाडीची किल्ली सुनेपुढे धरली. "आजपासून तू चालव, पोरी. माझा गुडघा धरलाय."

आयकानिशने त्याच्या गुडघ्याकडे पाहिलंही नाही. सकाळीच तो गुडघा मेंढ्यांमागे टेकडी चढून आला होता, हे तिला ठाऊक होतं. "बरं, अता," एवढंच म्हणून तिने किल्ली घेतली आणि बाजारात न्यायच्या जर्दाळूंच्या बादल्या मागे ठेवू लागली. अता म्हणजे बाबा; सगळेच धाकटे त्याला तसं म्हणायचे.

सुयुनबायने हयातभर घाटातून मालट्रक चालवला होता. बर्फात, धुक्यात, एकदा तर ब्रेक निकामी झालेला असताना. मुलाने, माक्सातने, मॉस्कोत बांधकामावर राबून ही गाडी धाडली. तिच्या आरशामागे एक कॅमेरा होता. गाडी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांबाहेर जाऊ लागली की ती वाजायची, स्टिअरिंग हळूच ओढायची. पहिलं वर्षभर ती कधी वाजलीच नाही. सुयुनबाय चारचौघांत सांगायचा, "बिचारीला माझ्याकडे कामच नाही."

वसंतात खडीच्या ट्रकमधून दगड उडून पुढची काच तडकली. ती बदलून झाली. आणि हळूहळू गाडी वाजू लागली. सरळ रस्त्यावर, भर उजेडात. काल तर कडेची पॉप्लरची झाडं पाहून तिने आपणहून ब्रेक मारला, आणि मागे बसलेल्या विहीणबाईंच्या मांडीवर घोडीच्या दुधाचं भांडं लवंडलं.

कुणी त्याला दोष दिला नाही. मोठ्यांची चूक त्यांच्या तोंडावर काढायची नसते. ती आपल्या अंगावर घ्यायची असते. विहीणबाई म्हणाल्या, "झाकण मीच सैल लावलं होतं." आयकानिश म्हणाली, "पट्टे रंगवणारा प्यालेला असणार." ही सगळी माया सुयुनबायला कळत होती, आणि त्यामुळेच तो खचला होता. कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. घरात कुणी नसताना त्याने एकेक डोळा झाकून कॅलेंडरवरचे आकडे वाचून पाहिले. दिसत होते. पण गाडी खोटं कशाला बोलेल? कॅमेरा काही म्हातारा होत नाही.

गाव मागे पडलं. डावीकडे तळं निळंशार पसरलं होतं.

"बाजार झाला की माक्सातला फोन लाव," तो म्हणाला. "गाडी विकून टाकू म्हणावं. मला आता घोडाच बरा."

"बरं, अता."

आयकानिश सावकाश चालवत होती. तिने आरशात मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. तिने पुन्हा पाहिलं. स्टिअरिंगवरची तिची बोटं आवळली.

गाडी वाजली.

आयकानिश केवढी तरी दचकली.

सुयुनबाय शेजारी बसला होता, पण त्याची नजर रस्त्यावरून हलली नव्हती. "पोरी, तू तर पट्ट्यांच्या मधोमध आहेस."

"माझंच चुकलं असेल, अता."

"मधोमध आहेस म्हणतोय ना. अशीच चालव."

गाडी पुन्हा वाजली. स्टिअरिंग कडेला ओढ घेऊ लागलं. आयकानिश ते घट्ट धरून बसली होती.

"थांबव," तो म्हणाला. तो उतरला, गाडीसमोर उभा राहिला आणि काचेतून त्या कॅमेऱ्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "काच फुटायच्या आधी ही कधी वाजली होती?"

"नाही, अता. कधीच नाही."

"म्हणजे नवा चष्मा हिला लागलाय, आणि आंधळा मी ठरलोय."

बाजारात जर्दाळू विकून ते काच बदलून देणाऱ्या एर्मेककडे गेले. त्याने त्यांचं ऐकलं आणि हातातला चहाचा वाडगा खाली ठेवला. "कॅमेरा काचेलाच चिकटून बसतो, अता. काच बदलली की त्याची नजर पुन्हा लावून घ्यावी लागते. इथे केसभर हलला, तरी लांबच्या रस्त्यावर तो हातभर चुकतो."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

एर्मेकने मान खाली घातली. "घाटात ट्रक चालवलेले तुम्ही. तुम्हाला मी गाडीतलं शिकवू?"

"शिकवायचं होतंस, गाढवा," सुयुनबाय म्हणाला, आणि त्याच्या पाठीवर एक थाप मारली. किती दिवसांनी तो हसत होता.

एर्मेक स्वतः त्यांना शहरातल्या गॅरेजात घेऊन गेला. सपाट फरशीवर गाडी उभी केली. चाकांतली हवा तपासली. समोर काळ्यापांढऱ्या चौकोनांचा फळा ठेवला, फीत लावून अंतर मोजलं, गाडीला संगणक जोडला. सुयुनबाय स्टुलावर बसून बघत होता. आजारी लेकराला डॉक्टरकडे आणल्यासारखी त्याने टोपी मांडीवर धरली होती.

परतताना त्यानेच गाडी चालवली. गुडघ्याचं नाव कुणी काढलं नाही. पॉप्लर आले, गेले. गाडी गप्प होती. मागे रिकाम्या बादल्या तेवढ्या खडखडत होत्या.

तळ्याशी आल्यावर त्याने विचारलं, "सकाळी गाडी वाजली तेव्हा एवढी का दचकलीस गं? तुला तर ठाऊक होतं, ही वाजते म्हणून."

आयकानिश खिडकीबाहेरच्या तळ्याकडे वळली.

"मी स्टिअरिंग मुद्दाम वळवणार होते, अता. माझ्या हातातही ती वाजते, असं तुम्हाला दाखवायला. पण मी वळवायच्या आधीच ती वाजली."