कोठ्यावरचं ऊन

मैनाबाई दोन वावरांमधला धुरा ओलांडून आली तेव्हा नत्थुजी डाव्या हातानं फावडं धरून वांग्यांच्या सरीत कालव्याचं पाणी वळवत होता.

"भाऊजी, सोलरचं पॅनल आलं, स्टँड आलं, बॅटरी-पंखा आला, पन बसवनारा मानूस नाही आला," ती धापा टाकत म्हणाली. "त्याले ताप हाये म्हने. अन् आमचे हे त प्रणालीले आनाले अकोल्याले गेले. दिवस बुडाच्या आत येऊन राहिले. संग तिची सासूबी हाये."

पुढचं नत्थुजीला ठाऊक होतं. मैनाबाईच्या नवऱ्याचं, महादेवरावांचं, घर वावरातच, तिवशाच्या रस्त्यापासून चांगलं आत. विजेचे खांब नाल्याच्या पलीकडंच थांबलेले. त्यांच्या लेकीचं, प्रणालीचं, हे पहिलं बाळंतपण. "लेकीला खुशाल न्या, पण दिवा-पंखा नसलेल्या घरात मी तिला ठेवणार नाही," असं तिच्या सासूनं, पार्बताबाईनं, तोंडावर सांगितलं होतं. आज ती स्वतः बघायला येत होती. मनाला पटलं नाही, तर सुनेला तशीच परत नेणार होती.

"मी काय करू शकतो, वयनी?" नत्थुजीनं उजवी रिकामी बाही हलवली. अठरा वर्षांपूर्वी तो लाइनवर कामाला होता. एका दुपारी खांबावर शॉक बसला आणि हात कोपरापासून गेला. त्यानंतर त्यानं वायरीला बोट लावलं नव्हतं.

"हात माहे हायेत," मैनाबाई म्हणाली. "तुमी फक्त सांगा."

नत्थुजी फावडं तिथंच टाकून तिच्यामागं निघाला.

घरावर कौलं आणि वर कडुलिंबाची दाट सावली. म्हणून पॅनल बैलांच्या कोठ्यावर, टिनावर बसवायचं ठरलं होतं. बावन्न वर्षांची मैनाबाई पदर खोचून शिडीनं वर चढली. जाड खिळा आणि हातोडा घेऊन तिनं पहिलं भोक पाडायला घेतलं, तसा खालून नत्थुजी ओरडला.

"तिथं नोको! नुसत्या टिनाले आवळलं त पयल्या वावधनात पॅनल उडून तिवशाले जाईन. खालचा लोखंडी पाइप पाहा, त्याच्या बाजूले पाडा. अन् टिनाच्या उंच घडीवर पाडा. खोलगट जागी पाडलं त पावसाचं पानी बैलाच्या पाठीवर."

मग तो कोठ्यात शिरला आणि दोन बैलांच्या मधोमध गव्हाणीवर उभा राहिला. एकेक वाकडा हुक तो डाव्या हातानं पाइपात अडकवून भोकातून वर सारी.

"आलं का टोक?"

"आलं!"

वर मैनाबाई रबराचा वायसर घालून नट आवळी. असे आठ हुक झाले. स्टँड दक्षिणेकडं तोंड करून पक्कं बसलं. नत्थुजीनं खालून पाइप हलवून बघितला. हलला नाही.

दोर स्टँडवरून खाली टाकून नत्थुजी पॅनल ओढत होता, वर मैनाबाई ते धरत होती, तेवढ्यात वावटळ आली. पॅनल सुपासारखं उलटलं आणि मैनाबाईचा तोल गेला. "पॅनल सोडा, वयनी! स्टँडले धरा!" नत्थुजीनं दोराचा वेढा कमरेला घेतला, टाच खुंट्याला रोवली आणि मागं झुकला. दोर पोटात रुतला, डोळ्यांत धूळ भरली, पण त्यानं सोडलं नाही. वारा गेला.

पॅनल बसलं. मैनाबाईनं वायर उचलली.

"थांबा!" नत्थुजीचा आवाज एकदम बदलला. "याले बटन नाही, वयनी. ऊन हाये तवर करंट हाये. अगोदर गोधडी टाका त्याच्यावर."

तिनं गोधडी आणून पॅनल पुरतं झाकलं. वायर घरात आली, बॅटरीपाशी. शेवटचा जोड तेवढा राहिला होता. मैनाबाईनं वायर पुढं केली आणि नत्थुजीकडं बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता. त्यानं ती तिच्या हातातून घेतली, दातांनी सोलली, डाव्या हाताच्या बोटांनी तारा पिळल्या आणि स्क्रूखाली सरकवल्या. जोड सरळ बसला.

"काढा आता गोधडी."

थोड्या वेळानं आतल्या खोलीतला पंखा एकदा कुरकुरला आणि फिरू लागला. मैनाबाई त्याच्याखाली उभी राहिली. तिनं पदरानं डोळे पुसले.

उन्हं उतरता उतरता पाहुणे आले. पार्बताबाई चप्पल काढून थेट आतल्या खोलीत गेली. तिनं पंखा बघितला, दिवा लावून बघितला, पुन्हा बंद केला. मग बाजेवर बसली आणि सुनेला म्हणाली, "बस माय. पाय वर घे. थकली अशीन."

मैनाबाईनं भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला आणि धुऱ्यापर्यंत नत्थुजीला सोडायला आली.

"भाऊजी, तुमचे उपकार मी कसे फेडू?"

नत्थुजीनं पुडकं काखेत धरलं. दोन पावलं गेला आणि वळला.

"पंखा कुरकुरला, दिवा मिचमिचला, काईबी झालं त मलेच आवाज देजा, वयनी," तो म्हणाला. "दुसऱ्या कोनाले नोका बलावू."