काठावरची नोकरी

आमच्या यांना पोहायला शिकवायच्या दोन नोकऱ्या चालून आल्या. क्लबचा तलाव काठोकाठ भरलेला, पण करार दरवर्षी नवा. कॉलेजात दोन वर्षांनी कायम करणार होते, पण तलाव ठणठणीत कोरडा.

"इथं नळ आठव्या दिवशी येतो. तलाव कोण भरणार, तू?" हे म्हणाले.

"भरतील की. लेकरू लहान आहे, कॉलेजच धरा," मी हट्टच धरला.

कॉलेजनं खरंच तलाव भरला. पण हॉस्टेलला प्यायलाही पाणी पुरेना, म्हणून ते या तलावातूनच द्यायचं ठरलं. प्राचार्यांनी यांना शिट्टी देऊन काठावर बसवलं.

काल कायम झाल्याची ऑर्डर आली. खाली शेरा होता:


"सरांनी दोन वर्षांत एकाही विद्यार्थ्याला पाण्यात उतरू दिलं नाही."